सारजाबाईचं बोंबलणारं मशीन

"सोनं हुडकायचं मशीन दावा," सारजाबाई म्हणाल्या आणि कोपऱ्यात पडलेल्या जुन्या ऑइल इंजिनावर ऐसपैस बसल्या.

रहिमाननं हातातला रेडिओ खाली ठेवला. काळेवाडीत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लष्कराच्या लिलावातला जुना मालही तो आणून विकायचा. गेल्या वर्षी त्यानं जमिनीतला धातू शोधायचं मशीन एकाला विकलं काय, आणि ज्याला त्याला आपल्या रानात पुरलेला हंडा आठवायला लागला! पण महाळुंग्याहून साठीची बाई एकटी एस.टी.नं येऊन थडकेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"घरात कर्तं माणूस कोण, मावशी?"

"मीच की! तीन पुतणे हायेत, पिंपरीला कंपनीत. रानात चार दिवस हात लावा म्हणलं, तर एकाची शिफ्ट, दुसऱ्याचा ओव्हरटाइम आन् तिसऱ्याची कंबर." सारजाबाई खुदकन हसल्या. "दीड एकर रान हाय. कांद्याचं रोप टाकलंय. यंदा कांदा झाला न्हाई, तर थोरला पुतण्या रान इकायला लावतो. एजंट दोनदा येऊन गेला. मला मरेस्तवर ते रान सोडायचं न्हाई, भाय."

रहिमानला वाईट वाटलं. बाई भलत्याच नादाला लागली होती. त्यानं परोपरीनं समजावलं, पण बाई बसल्या जागची हलेना.

शेवटी त्यानं लष्करी मशीन काढलं. "हे एक नंबर. कानाला हे लावायचं. वाजलं की तुम्हालाच ऐकू येणार, शेजाऱ्याला पत्ता लागायचा नाही."

सारजाबाईंनी पदरावरूनच ते कानाला लावलं आणि लगेच काढलं. "छ्या! कानात किरकिर. दुसरं दावा."

दुसरं परदेशी होतं, दुप्पट किमतीचं. "खिळा कुठला आणि सोनं कुठलं, हे बरोबर सांगतं."

"इतकं शहाणं न्हाई लागत आपल्याला."

उरलं तिसरं. ते रहिमाननं स्वतःच जोडलेलं. काठीला लाकडी पाट, पाटाला तांब्याच्या तारेचे वेढे, वर ट्रान्झिस्टरचा डबा आणि डब्याला चांगला दांडगा भोंगा. "हे सगळ्यात स्वस्त. नवशिके हेच नेतात. पण खरं सांगतो, मावशी, याला खिळा काय आणि सोनं काय, सगळं सारखंच. आणि हे बटण जास्त पिळू नका, नाहीतर रिकाम्या जमिनीवरही बोंबलतं."

"कंचं बटण?"

"हे."

"असं पिळलं की?"

मशीन असं काही बोंबललं, की समोरचा सायकलवाला पंप टाकून बाहेर आला. सारजाबाई खूश! "पुन्यांदा दावा बरं." रहिमाननं तीनदा दाखवलं. वयानं विसरभोळी झाली असेल बिचारी, असं त्याला वाटलं.

"हेच द्या."

"अहो, ते लष्करी न्या. पैसे सवडीनं द्या."

"हेच!" पैसे मोजून सारजाबाई उठल्या. जाता जाता त्यांनी बसल्या जागच्या इंजिनावर थाप मारली. "हे बी चालतं का?"

"झकास चालतं. पण ते विहीरवाल्यांचं काम, मावशी."

"व्हय की," म्हणत त्या मशीन काखोटीला मारून एस.टी.कडे चालू लागल्या.

त्या दिवशी जेवताना रहिमाननं सुरय्याला, आपल्या बायकोला, सगळं सांगितलं. सुरय्यानं कपाळावर हात मारून घेतला. "एकट्या बाईच्या गळ्यात भंगार बांधलंत? अल्लाला काय तोंड दाखवणार?" रहिमाननं ताट बाजूला सारलं.

दीड महिन्यानं महाळुंग्याचं एक गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं आणि हसत सुटलं. म्हातारी रोज रानात मशीन फिरवते, आवाज पार एस.टी.च्या थांब्यापर्यंत येतो, आणि आता तर तिचे पुतणेही खणायला लागलेत म्हणे! रहिमानला मात्र हसू येईना. एका बाईचं वाटोळं कमी होतं, म्हणून आणखी तीन घरं त्यात पडली होती. गुरुवारी, कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, त्यानं दुकान बंद केलं, सारजाबाईंचे पैसे खिशात घातले आणि महाळुंगं गाठलं.

रानात जत्रा भरली होती. वीस फुटांचा खड्डा, आत तीन पुतणे आणि त्यांचे दोस्त. पहारी दणादण चालल्या होत्या. निघालेला दगड एका कडेला नीट रचलेला.

"या, रहिमानभाय!" थोरला पुतण्या साहेबराव खड्ड्यातून ओरडला. घामानं निथळत होता, पण चेहरा नुसता फुललेला. "काय मशीन दिलंत राव! आजूबाजूला कुठंबी धरा, वाजतंच! म्हणून तर एवढा रुंद घेतलाय. काकीशी निम्मा वाटा ठरलाय."

"बोलू नगं, खण!" बाभळीच्या सावलीत भाकऱ्यांची चवड राखत बसलेल्या सारजाबाई ओरडल्या.

रहिमाननं त्यांना बाजूला घेतलं. "मावशी, माझं चुकलं. ते मशीन खोटं बोलतंय. हे घ्या तुमचे पैसे, आणि पोरांना थांबवा."

"हळू बोला की, भाय!" सारजाबाईंनी खड्ड्याकडे पाहिलं. "आजचा गुरुवार दम धरा. सगळी आल्यात."

तेवढ्यात खालून साहेबरावची आरोळी आली. "काकी, घात झाला! पाणी लागलं! आता सोनं कसं काढायचं?"

सारजाबाई धावतच काठाशी गेल्या. खाली वाकून बघता बघता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी तिथंच हात जोडले. मग पदरानं डोळे पुसून त्या परत आल्या आणि मशीन रहिमानच्या हातात ठेवलं.

"पैसे ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच, भाय. त्यात आन् ह्या मशीनच्या बदल्यात तुमचं ते इंजिन मिळंल का?"