मस्टँगची वायर

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात दरसाल पहिला नंबर ऑर्व्हिलची मस्टँग पटकावायची आणि दुसऱ्यावर वेंडेलची शेव्हेल हात चोळत बसायची. यंदा मात्र वेंडेलनं हिवाळाभर गॅरेजमध्ये खपून इंजिन नवंकोरं केलं होतं. नेमके परीक्षक जवळ आले आणि गाडी सुरूच होईना. बॉनेट उघडलं, तर खारीनं वायर कुरतडलेली! "संपलं सगळं," म्हणत तो डोक्याला हात लावून बसला.

शेजारून ऑर्व्हिल उठला, स्वतःच्या मस्टँगची वायर काढली आणि शेव्हेलला जोडली. "बघतोस काय म्हाताऱ्या, चावी फिरव!" शेव्हेल अशी गरजली, की लोकांनी हातातले हॉटडॉग खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

करंडक छातीशी धरून वेंडेल डबडबल्या डोळ्यांनी म्हणाला, "ऑर्व्हिल, आभाळाएवढं मन रे तुझं! कसे फेडू उपकार?"



"उपकार कसले? आणखी एक करंडक घरात आणलास तर मस्टँग विकून टाकीन, असं बायकोनं बजावलंय मला!"