कशी झालीय आमटी?

टोरांटोला नोकरी करणारी रुपाली आपल्या गावी, काष्टीला आली, ती दोन गोऱ्या पाहुण्यांना घेऊनच. कॅनडाचा इव्हान, ज्याच्याशी तिला लग्न करायचं होतं, आणि त्याचा अमेरिकन मित्र ब्रायन. तिच्या आईनं, राहीबाईंनी सकाळपासून खपून होणाऱ्या जावयासाठी गावाकडची झणझणीत शिपी आमटी केली.

पहिल्याच घासाला ब्रायन ओरडला, "अमेझिंग! आयुष्यात असं खाल्लं नव्हतं!" आणि उठून त्यानं राहीबाईंना मिठीच मारली. इव्हान मात्र खाली मान घालून जेवत होता. वाढताना राहीबाईंच्या हातून त्याच्या पायावर आमटी सांडली, तर सॉरी तोच म्हणाला. कशी झालीय विचारल्यावर म्हणाला, "नॉट बॅड."

"काय म्हनतोय?"

"वाईट न्हाई, म्हणतोय."

राहीबाईंचा चेहराच उतरला. लेकीला चुलीपाशी ओढून त्या कुजबुजल्या, "आगं, त्यापरीस ह्यो अमेरिकेवाला काय वाईट हुता? किती तोंड भरून बोलतोय!"

रुपाली हसली. तिनं तिथूनच वडिलांना विचारलं, "अण्णा, कशी झालीय आमटी?"

कानिफनाथांनी तिसरी वाटी पुढं केली. "बरी हाय."

शेजारी इव्हानचीही तिसरीच वाटी चालली होती. राहीबाई बराच वेळ दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या.



"कर बाई लगीन. पन आत्ताच सांगते, ह्याच्यापरीस जास्त कौतिक जल्मात व्हायचं न्हाई."