न वाकणारी सळई

दिनानाथची सळई पुन्हा वाकली. आपल्या पोह्यांच्या भट्टीतून भगवानशेटांनी ती चिमट्याने ओढून काढली, तेव्हा ती भरपेट जेवून लवंडलेल्या जावयासारखी दिसत होती. शेजारची कमळाकरची सळई मात्र सरळ. आग तीच, दिवस तेवढेच.

“सोमवारी शेवटची पारख,” शेट म्हणाले. “ज्याची सळई टिकेल, त्याला अख्ख्या भट्टीच्या सळ्यांचं काम.”

दिनानाथचं खरं दुखणं हे, की धातू एकच होता. लढाई संपल्यावर मुंबईच्या भंगारात विमानाचं एक मोडकं इंजिन आलं. त्याच्या तापत्या भागातला कसलासा विलायती धातू पनवेलच्या या दोन लोहारांनी निम्मा निम्मा वाटून आणला. दोघांनी सारखाच तापवला, सारखाच ठोकला, लाल असतानाच पाण्यात बुडवला. उरणपासून ओवे गावापर्यंतची माणसं विळ्याला पाणी पाजायला दिनानाथकडे येत. आणि हा कालचा कमळाकर पुढे!

त्याने बायकोला कामगिरीवर धाडलं. वेणू कमळाकरच्या गोदूकडे विरजण मागायला गेली, ती बातमी घेऊनच आली.

“पाण्यातून काढल्यावर भावजी सळ्या परत मंद निखाऱ्यात घालतात. वर राख ओढतात नि दुपारी निघून जातात. दिवेलागणीला येतात, तोंड पाडून. तवर सळ्या तशाच आत.”

“जातो कुठं?”

“गोदूला पन सांगत नाय.”

गुरू! दिनानाथला शंकाच उरली नाही. मेल्याने कुठूनतरी जाणता गाठलाय, रोज दुपारी शिकवणी चालू आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने पाठलाग केला. कमळाकर तळ्याला वळसा घालून, मिठाच्या गाड्यांमधून वाट काढत एका बोळात शिरला. बोळ दिनानाथला ओळखीचा वाटला. वाटणारच; तो त्याच्याच दुकानामागचा होता. कमळाकरने फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला.

“काय बगतोस रं?”

कमळाकर दचकला, मग ओशाळला. “तुमचं पाणी पाजणं, दादा. तीन महिने झाले. तुमच्या विळ्यासारखी धार मला जमत नाय. जळतो मी तुमच्यावर, खोटं कशाला बोलू? रोज इथं उभा राहतो, घटकाभर म्हणून घातलेल्या सळ्या तिकडं राखेतच विसरतो. त्या नीट निघतात कशा, देव जाणे.” तो जायला वळला नि थांबला. “उद्या आलो तर चालेल ना?”

दिनानाथच्या डोक्यात ती राखच घोळत होती. लोहाराच्या जातीला एवढं पुरे होतं. भाताच्या लोंबीत दाणा भरावा, तसा या धातूच्या पोटात मंद आचेवर तासन् तास काहीतरी भरत होतं; म्हणून तो आगीत खंबीर राहत होता. पाण्यातून काढून सळई तशीच शेटांकडे धाडली, तिथेच त्याचं चुकलं होतं.

मागच्या दारातून वेणूने सगळं ऐकलं होतं. “अवो, सुटलं की कोडं! आपन पन आजच सळ्या राखेत घालू. सोमवारला तीन दिस हायेत अजून.”

“घालू गं, घालू,” फटीवरून बोट फिरवत दिनानाथ म्हणाला. “आधी एक फळी आन, नि चार खिळे. उद्यापास्नं तो घरी बसंल नि सळ्या वेळेवर बाहेर काढंल.”