हुंदक्याची मुभा

भाऊ गेला तेव्हा मालनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हुंदका एकही फुटला नाही. गाढ झोपलेल्या माणसासारखी तिची छाती संथपणे वरखाली होत राहिली. "सख्खा भाऊ गेला आणि ही बघा कशी शांत बसलीय," वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली.

दिवसकार्य आटोपताच मालन तडक डॉक्टर निमकरांकडे गेली. पक्षाघाताने तिच्या मस्तिष्कस्तंभाला, म्हणजे मेंदूच्या देठाला, इजा झाली, तेव्हा श्वास चालवणारी चिप तिथे त्यांनीच बसवली होती.

"श्वास, गिळणं, ठसका, हुंदका, सगळं मेंदूच्या या देठातूनच चालतं," डॉक्टर समजावू लागले. "हुंदक्यात श्वास अडखळतो. चिप त्याला बिघाड समजते आणि लगेच दुरुस्त करते."

"बिघाड?" मालन उसळली. "माझ्या दुःखाला बिघाड ठरवणारे तुम्ही कोण? बसवताना मला विचारलं होतंत?"

"तुम्ही बेशुद्ध होतात, मालनताई. जीव वाचवायचा होता."

"वाचवलात, उपकार झाले. पण आता मी शुद्धीवर आहे. आता विचारा."

डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर तिच्या चिपची सेटिंग उघडली. "हुंदक्याला मुभा दिली तर श्वास मध्येच थांबेल. धोका आहे. देऊ?"

"द्या."

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "दादा," एवढंच मालन म्हणाली आणि तिची छाती आवळून आली, घशातून फुटका आवाज निघाला. श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र कर्कश वाजू लागलं. नर्स धावत आली. मालनने रडत रडतच हात आडवा करून तिला थांबवलं.