येथे टाळी वाजवू नये

"हारुनभाऊ, इथनंच बघा. पुढं नका जाऊ," असं म्हणून प्राण्यांच्या आश्रमात देखभाल करणाऱ्या भिमाबाईने त्याला मेंदीच्या कुंपणाआड उभं केलं.

फटीतून समोरचं आवार दिसत होतं. चारी बाजूंनी जाळी, वरूनही जाळी आणि आत एक जांभळाचं झाड. झाडाखाली दोन चिंपांझी बसले होते. एक म्हातारा बादशहा, कुठल्याशा सर्कशीतून सोडवून आणलेला. दुसरी डॉली. हारुनची डॉली. ती एवढीशी होती तेव्हापासून त्याने तिला बाटलीने दूध पाजलं होतं, सायकल शिकवली होती, साहेबासारखा चहा प्यायला शिकवलं होतं. सर्कस नाशकात मोडली, डॉली या आश्रमात आली आणि हारुन अंबडच्या कारखान्यात लागला. आज शनिवारची सुट्टी होती. तो पहिल्यांदाच तिला बघायला आला होता.

"खाते का नीट?"

"आता खाती. आधी नाय. कुणी पाहुण्यानं कौतुकानं टाळी वाजवली, का हिचा खेळ सुरू. थांबायचीच नाय हो! घेरी येऊन पडायची. म्हणून तर फाटकावर पाटी लावली." भिमाबाईने पदराने तोंड पुसलं. "अन् पाहुणे गेले, का सोताच टाळ्या पिटत बसायची दाराशी. हात सुजले तरी थांबंना. काय सांगायची, देव जाणे."

हारुनला माहीत होतं. तंबूमागच्या पिंजऱ्यात एकटं वाटलं की डॉली टाळ्या वाजवायची आणि हातातला घास टाकून तो धावत जायचा.

"आता नाही ना वाजवत?"

"पावसाळ्यापासून बंद. विसरली. म्हणून म्हणते, तिला दिसू नका. तुम्ही घटकाभर येणार, लाड करणार अन् जाणार. पुढचं मलाच निस्तरावं लागंल."

हारुनने मान डोलावली. पिशवीतली द्राक्षं काढून तिच्या हातात दिली. "ही तिला द्या. माझं नाव नका सांगू."

"आता माझं बाई! नाव सांगून तिला कळणार हाय व्हय?" भिमाबाई हसली. हारुनही हसला.

आत डॉली उठली. झाडापाशी गेली आणि तिने बुंध्याला हात लावला.

"रोज असंच करती," भिमाबाई कुजबुजली. "हात लावती अन् परत फिरती. झाडावरची जात, पण हिला झाडच येत नाय."

"आमच्याकडे झाड कुठलं, ताई? तंबूचा खांब होता. त्याला हात लावायची बंदी होती."

पण आज डॉली परत फिरली नाही. तिने बुंध्याला मिठी मारली, एक पाय उचलला, मग दुसरा. घसरली. पुन्हा चढली. पहिल्या फांदीला तिचा हात पोचला. थरथरत तिने स्वतःला वर ओढलं आणि ती फांदीवर बसली. पानं हलली. तिने एक पान तोडून नाकाशी नेलं.

हारुनने टाळी वाजवली.

आपण काय केलं ते त्याला हातांचा आवाज कानी पडल्यावर कळलं. त्याने एका हाताने दुसरा हात घट्ट धरला.

आवारात बादशहा कोपऱ्याकडे तोंड करून बसला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले. डॉलीच्या हातातलं पान गळून पडलं. ती झाडावरून उतरली. आवाराच्या मधोमध येऊन तिने सलाम केला. मग नसलेल्या सायकलीवर बसून गोल फेरी मारली. नसलेला कप उचलला, फुंकर घातली, चहा प्याली. पुन्हा सलाम केला. पुन्हा सायकल.

"काय केलंत हो हे!"

"ताई, ती झाडावर चढली... राहवलं नाही मला."

तिसऱ्या फेरीला डॉलीची पावलं अडखळायला लागली. भिमाबाईने तिकडे पाहिलं, मग हारुनकडे.

"तुम्हाला थांबवता येतंय का?"

"येतं. पण समोर जावं लागेल."

भिमाबाई त्याच्या वाटेतून बाजूला झाली. "जा," ती म्हणाली.

हारुन जाळीतल्या गजांच्या दारापाशी गेला. "बस, बेटा. खेल खतम."

डॉली जागच्या जागी थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही, तिने उड्याही मारल्या नाहीत. धापा टाकत दारापाशी आली, पाठमोरी झाली आणि तिने गजांना टेकून मान खाली घातली. खेळ संपला की तो तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला साखळी लावायचा. पट्टा केव्हाच काढला होता, पण तेवढ्या जागेवर अजून केस आले नव्हते.

हारुनने गजांतून हात घातला. मानेवर ज्या जागी बक्कल असायचं तिथे त्याची बोटं फिरली. बक्कल उघडावं तशी. सावकाश. मग त्याने न दिसणारा पट्टा काढून घेतला आणि झाडाकडे बोट केलं.

"जा."

डॉली झाडाकडे गेली नाही. वळून त्याच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली.

"चला आता. मागं बघू नका," भिमाबाई म्हणाली.

तो चालू लागला. मेंदी मागे पडली. त्याने फाटकाबाहेर पाऊल टाकलं, तेवढ्यात आतून एक टाळी आली. मग दुसरी. मग सारख्या येऊ लागल्या.

भिमाबाईने फाटक ओढून घेतलं, आतून कडी घातली. आवाज येतच होता.