सर्वपित्रीचं पान

अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या आमच्या भाड्याच्या घरात हॉलमध्ये एकच तसबीर होती, घरमालकिणीच्या फ्रेंच पूर्वजाची. दोनशे वर्षांपूर्वी इथे वसायला आलेला, दाढीवाला, थकलेला माणूस. ती हलवायची नाही, ही तिची अट.

सर्वपित्रीला सासऱ्यांचा फोटो मी त्या तसबिरीखालीच टेकवला, पान वाढलं आणि ऑफिसला पळाले. लेऑफ चालू होते, सुट्टी मागायची सोय नव्हती.

संध्याकाळी परतले, तर पान रिकामं. तसबिरीतल्या दाढीला खिरीचा थेंब लागलेला. पुसायला गेले. थेंब काचेच्या आत होता.

मागून नवऱ्याने विचारलं, "रेणू, बाबा फोटोत असे उपाशी का गं दिसतायत?"

मी पुन्हा कुकर लावला, या वेळी दोन पानांचा.