मंडईचा फ्लेक्स

लाखनीच्या हायवेवर मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकाचा फ्लेक्स लागणार होता. आतापर्यंत मोलकरणी आणि चेटकिणीच वाट्याला आलेली रत्नमाला यंदा पहिल्यांदा नायिका झाली होती, म्हणून ती आईला मुद्दाम दाखवायला घेऊन आली. शिडीवरच्या माणसाने फ्लेक्स सोडला. गोरीपान बाई, गुलाबी गाल, खाली नुसतंच ‘रत्नमाला’. आई बराच वेळ बघत राहिली. “बाई चांगली हाये. पण तू कुठं हायेस वं?” रत्नमालाने टेम्पोजवळ उभ्या असलेल्या नाटक कंपनीच्या मालकाकडे पाहिलं. “हे काहून केलं, भाऊ?” त्याला प्रश्नच नवा वाटला. “हायवेवर असंच लागते. इकडच्या लोकायले हिरोइन गोरी पायजे, आडनाव नाही पायजे. तुमच्या बौद्ध मोहल्ल्यासाठी अलग काढला ना.” त्याने टेम्पोतून दुसरा फ्लेक्स ओढून जमिनीवर पसरला. त्यावर तिचाच काळासावळा चेहरा होता आणि खाली ठळक अक्षरांत ‘आपल्या समाजाची लेक, रत्नमाला रामटेके’. “दोन्हीकडचे लोक आले पायजेत,” मालक म्हणाला. शिडीवरचा माणूस वाकून खाली बघत होता. “ताई, हा तर तुमचा फोटो हाये,” तो म्हणाला. “मंग मी वर कोणाले बांधून राहिलो?” रत्नमालाने तोंड उघडलं. संवादासाठी कधी प्रॉम्प्टरकडे न बघितलेली ती उत्तरासाठी मागे वळली. मागे फक्त आई होती. ती अजून वरच्या फ्लेक्समध्ये लेकीला शोधत होती.